दोरीपलीकडची खोली

"मोजणी होईपर्यंत त्या दोरीला हात लावू नकोस गं," असं शेजारच्या, मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी तिला बजावलं होतं. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, परसातली निम्मी जागा दवाखान्यासाठी नगरपालिकेला दान दिली होती. दानपत्रात हद्द लिहिली होती 'कपडे वाळत घालायची दोरी'. आईने बांधलेली ती दोरी तीस वर्षांत तसूभरही हलली नव्हती. आप्पांना ती कुंपणापेक्षा पक्की वाटायची.

तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ जेमतेम महिन्याचं होतं आणि दुपट्यांना ऊन मिळत नव्हतं. "काका, दोरी आहे हो, देशाची सीमा नाही!" असं म्हणून तिने ती दहा पावलं घराकडे ओढून बांधली. मग ती आपल्या गावी परतली. दोरी तिथेच राहिली आणि मोजणी त्या दोरीवरून झाली.

यंदा घरपट्टीच्या बिलात एक खोली कमी आली. परसातली, आईची शिवणाची खोली. आई गेल्यापासून आप्पा तिथेच झोपतात. ती आता दानात गेली, म्हणजे पाडली जाणार.

बाळाला काखोटीला मारून, आप्पांना न सांगताच तिने त्यांच्या गावची नगरपालिका गाठली.

"पट्टी कमी आली म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच, ताई," शिक्क्याकडे झेपावणारा बाळाचा हात अडवत कारकून हसला.

"मला खोली परत हवीय."

"मग जुनी दोरी कुठे होती ते दाखवा. गुरुवारी अकराला आमचा माणूस येईल. पण दाखवायचं दान देणाऱ्याने स्वतः. दार उघडलं नाही तर फाइल बंद."

घरी परतून तिने हे सांगितलं, तेव्हा आप्पा फोनवर आधी भडकलेच. "दिलेलं परत मागू? मला नाही जमायचं."

"दिलेलं नाही हो आप्पा. माझ्या हातून गेलेलं."

मग आप्पा हळूच म्हणाले, "दोरीची जुनी कडी आहे अजून भिंतीत. तुझ्या आईनेच ठोकून घेतलेली."

तिला एकदम ओल्या चादरींचा वास आला. चादरीमागे हलणारी आईची सावली, तोंडात धरलेले चिमटे. त्या दोरीखालून पुन्हा एकदा वाकून पलीकडे जावं, एवढंच वाटत राहिलं.

आज बुधवार. बाळ तापाने फणफणलंय, आप्पांचं घर आठ तासांवर, आणि काका मुलाकडे राहायला गेलेत. आप्पांना ऐकू कमी येतं. त्यातून ते सकाळी आईच्या मशीनवर बसून कापड न लावताच पायडल मारत राहतात. फोन तर पुढच्या खोलीतच वाजत राहतो.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या आप्पांच्या घरावरून जाणार असाल, तर अकराच्या आधी निळं दार वाजवा. जोरात वाजवा. ओ आली नाही, तर बाजूच्या बोळातून परसात जा, मशीनचा आवाज येईल. त्यांना कडीपाशी आणून उभं करा. आणि सकाळपासून काही खाल्लंय का, तेवढं विचारा.