ठमाबाईचा चेहरा

"ज्या माणसाला तुम्ही कधीच पाहिलेलं नाही, त्याचं व्यक्तिचित्र काढायचं. फोटो बघायचा नाही. त्याच्या घरच्यांकडून ऐकायचं आणि काढायचं," असं सुकन्या मॅडमनी सांगितलं, तेव्हा वर्गातली निम्मी मुलं हसली. उत्कर्षा हसली नाही. बारामतीच्या डिझाईन कॉलेजात तिचं हे दुसरं वर्ष होतं, आणि खोके, लेबलं, कंपन्यांची बोधचिन्हं करून ती कंटाळली होती. सोमेश्वरनगरला तिचे वडील हिंदुराव ऊस लावायचे. त्यांची समजूत अशी, की पोरगी शिकून लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणार. तिचा जीव मात्र चेहऱ्यांत अडकलेला. एसटीत, मेसमध्ये, कुठंही बसली तरी मांडीवरच्या वहीत ती कुणाचं तरी तोंड काढत असायची.

ती वही मॅडमनी एकदा चाळली होती. म्हणाल्या होत्या, "हात गोड आहे तुझा. पण तुला सगळ्यांना सुंदर करायची घाई असते. यातलं कुणी खरंच तुझ्यासमोर बसलं होतं का?"

ते वाक्य उत्कर्षाच्या मनातून जात नव्हतं.

वर्ग सुटल्यावर विशाल तिच्याजवळ आला. तो इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा, घरी भाजीपाला आणि पेरू. फारसा बोलायचा नाही.

"माझ्या आईला काढशील का?" तो म्हणाला.

त्याची आई, ठमाबाई, मागच्या वर्षी गेली होती. मिरच्या तोडता तोडता डोक्यातली शीर फुटली आणि ती वाफ्यातच खाली बसली, ती उठलीच नाही. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि घरात तिचा धड फोटो नव्हता.

"आधार कार्डावरचा मोठा करून आणला," विशाल म्हणाला. "धाकटी बहीण प्रगती बघून रडायलाच लागली. म्हणली, ही आपली आई न्हाय, ही कोणीतरी भ्यालेली बाई हाय."

"आणि मोबाईलमधले?"

"कुणी मोबाईल धरला की ती पदर तोंडावर घ्यायची, न्हायतर पाठ करायची. लग्नकार्यातल्या समद्या फोटोत तिची पाठच हाय."

रविवारी उत्कर्षा इंदापूरला उतरली. विशाल मोटारसायकल घेऊन आला होता. वरकुट्यात रानातच त्यांचं घर होतं, पुढं पडवी, मागं पेरूची बाग. विशालचे वडील झुंबर खुर्चीत ताठ बसले होते, सरकारी माणूस चौकशीला आल्यावर बसावं तसे. बारावीत शिकणारी प्रगती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तात्या, काकू दिसायला कशा होत्या?" उत्कर्षानं विचारलं.

"चांगली होती की."

"म्हणजे चेहरा कसा होता?"

झुंबर विचारात पडले. "भरीत लई चांगलं करायची," ते म्हणाले. "माल निवडायला तिच्यासारखं गावात कोन न्हवतं. पहाटं उठली की आदी जनावरांकडं जायची." मग ते थांबले. चेहऱ्याचं काहीच सांगितलं नाही, हे त्यांच्या बहुतेक लक्षात आलं. "गोल होतं तोंड," ते घाईनं म्हणाले.

"गोल कुठं, तात्या?" प्रगती म्हणाली. "गाल बसलं होतं तिचं."

"तीळ होता गालावर," विशाल म्हणाला. "डाव्या."

"उजव्या," झुंबर म्हणाले.

बापलेकांत तिळावरून वाद लागला. मग एकाएकी झुंबर उठले आणि बागेकडं निघून गेले. विशाल मान खाली घालून म्हणाला, "मला तिचं हात आठवतात. तोंड आठवायला गेलं की ते आधार कार्डच म्होरं येतं."

परतीच्या एसटीत उत्कर्षानं ऐकलेलं सगळं मनात पुन्हा पुन्हा फिरवलं. त्यातून चेहरा जुळत नव्हता. पुढच्या आठवड्यात तिनं कितीतरी कागद खराब केले. गोल तोंड, बसलेले गाल, इकडं तीळ, तिकडं तीळ. सगळ्या बाया देखण्या झाल्या आणि त्यातली एकही कुणाची आई वाटेना.

मग एका सुट्टीच्या दुपारी ती कॉलेजच्या चित्रशाळेत एकटीच बसली होती. वीज गेलेली, पंखे थांबलेले. ऐकलेलं सगळं बाजूला सारून तिनं चारकोलची कांडी उचलली आणि चेहऱ्याऐवजी खांद्यापासून सुरुवात केली. खांद्यावर पडलेला पदर आला. मग मान. मग हात आपोआपच वर गेला. ती थांबली नाही, तिला थांबता आलं नाही. एरवी ती दहादा खोडायची. त्या दुपारी खोडरबर एकदाही हातात आलं नाही.

हात थांबला तेव्हा कागदावर एक बाई होती. पंचेचाळिशीची, डोक्यावरचा पदर ढळलेला, ओठ किंचित उघडे, काहीतरी म्हणत असताना मध्येच थांबल्यासारखे. सुंदर नव्हती. आणि ती उत्कर्षाकडं बघत नव्हती. तिच्या पाठीमागं, लांब कुठंतरी बघत होती. ते बघणं इतकं खरं होतं की उत्कर्षानं दचकून मागं वळून पाहिलं. मागं बंद खिडकी होती.

त्या दिवसानंतर ती बाई तिच्या हातातून जाईना.

चित्र तिनं होस्टेलच्या खोलीत भिंतीला लावलं. खोलीत तिच्यासोबत राहणाऱ्या, तिच्याच वर्गातल्या संस्कृतीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "बाई गं, ते उलटं करून ठेव. मी कपडे बदलते तेव्हा वाटतं, माझ्यामागं कुणीतरी उभंय आणि ही त्याला बघतीये." चित्र उलटं करून ठेवलं, तरी काही फरक पडला नाही. मानवाकृतीच्या तासाला कॉलेजचा वॉचमन समोर बसला होता, मिशीवाला, आडदांड. उत्कर्षानं काढलेल्या मिशीच्या वर ठमाबाईचे डोळे उमटले. पेरूच्या खोक्यासाठी तिनं टोपली घेतलेली मुलगी काढली, तर मुलीचे ओठ तसेच किंचित उघडे. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "ही इतकी कुठं हरवलीय? गिऱ्हाइकाकडं बघायला सांग तिला." वर्ग हसला. उत्कर्षानं मात्र कागद पालथा घातला.

मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या मावशी पाठमोऱ्या बसायच्या. उत्कर्षा ताट घेऊन रांगेत उभी राहायची आणि मनात म्हणायची, वळू नका, मावशी, आत्ता वळू नका. आपण एका मेलेल्या बाईचं तोंड तिला न विचारता घेतलं, असं तिला वाटायचं. आणि ते कुणाकडून घेतलं, हेच कळत नव्हतं. सांगितलं तर कुणीच नव्हतं.

शेवटी ती चित्र घेऊन सुकन्या मॅडमकडं गेली. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"तू यांना भेटली नव्हतीस? नक्की?"

"नाही."

"मग मला दाखवायच्या आधी त्यांच्या घरी दाखव," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

ती परत वरकुट्याला गेली. पडवीत तिनं गुंडाळी उलगडली आणि कोपरे हातांनी दाबून धरले. झुंबर वाकले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षाला एकदम हलकं वाटलं. चुकलंय तर. कुणाचंच नाही हे तोंड.

तेवढ्यात पिठाच्या हातांनी प्रगती बाहेर आली. तिनं कागदाकडं पाहिलं आणि ती जागच्या जागी खाली बसली.

"आई," ती म्हणाली.

"खुळी का काय तू?" झुंबर म्हणाले. "ही तुझी आय? मी संसार केला तिच्यासंगं. हे तोंड मी कदी बघितलं न्हाय."

"तुमी न्हाय बघितलं, तात्या." प्रगतीची नजर कागदावरच होती. "दुपारी समदी जेवून पडली की ती पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी जाऊन बसायची. बांधावर. डोक्यावरचा पदर पाडून. मी चोरून बघायची. कायतरी पुटपुटायची, मधीच थांबायची, लांब बघत राह्यची. कुणाचा पाय वाजला की पदर डोक्यावर आन् उठली कामाला. ही तीच हाय. ती एकटी आसली की अशी दिसायची."

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंस?" उत्कर्षानं विचारलं.

"ते तिचं होतं," प्रगती म्हणाली. "मी कसं सांगू?"

विशाल आईकडं बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. उत्कर्षाला आपल्या बोटांची भीती वाटली. तिनं ती ओढणीत लपवली.

"कुणाकडं बघायची ती?" झुंबरनी विचारलं.

"म्हाईत न्हाय."

"तू इचारलं न्हाईस?"

"तुमी तरी कुठं इचारलं, तात्या?"

झुंबरनी चित्राच्या कडेला बोट टेकवलं, चेहऱ्याला नाही. "पोरी, हे हितं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला बघायचं हाय."

उत्कर्षा रिकाम्या हातानं परतली. सादरीकरणाच्या दिवशी तिनं भिंतीवर फसलेले कागद लावले, ते सगळे गोल आणि लांबट चेहरे, आणि खरं चित्र कुठं आहे ते सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. गुण बेताचेच पडले. पहिली आली संस्कृती, खापरपणजोबांच्या रंगीत चित्रासाठी, आणि ते चित्र खरंच चांगलं होतं.

हळूहळू उत्कर्षाच्या वहीतल्या माणसांना त्यांचे त्यांचे डोळे परत आले. पण आता ती पूर्वीसारखी भराभर काढत नसे. कुणी समोर बसलं, की आधी तिला वाटायचं, हा एकटा असला की कसा दिसत असेल? आणि आपल्याला ते कळलं तर?

वर्षश्राद्धाला विशालनं तिला बोलावलं. मांडवात हार घातलेला फ्लेक्स होता, त्यावर तोच आधार कार्डाचा फोटो. पाहुणे त्याला हात जोडत होते. चित्र घरात कुठंच दिसेना. प्रगतीनं बागेच्या टोकाकडं बोट केलं.

मोटारीच्या खोलीला पुढं पत्र्याची सावली होती. तिथं खांबाला चित्र बांधलेलं होतं, तोंड बाहेर, मोकळ्या रानाकडं. खाली बांधावर झुंबर बसले होते. तेही तिकडंच बघत होते.

"तात्या, काच बसवून घ्या. उन्हानं, दवानं कागद जाईल."

"घरात लावलं व्हतं आदी," झुंबर म्हणाले. "समोर भिताड. भिताडाकडं बघून ती काय करल?"

उत्कर्षा त्यांच्याशेजारी बसली. पुढं कांद्याचं रान होतं, त्यापलीकडं कुणाचा तरी ऊस, त्यापलीकडं पांढरं आभाळ.

"काय दिसतं, तात्या?"

"आजून काय न्हाय दिसलं," ते म्हणाले.

घराकडून प्रगतीनं जेवायला हाक मारली. पंगत बसली होती. उत्कर्षा उठली, ओढणी झटकली. झुंबर मात्र उठले नाहीत. हाक त्यांना ऐकूच गेली नव्हती. त्यांचे ओठ किंचित उघडे होते.