कूस बदलू का?

एक्सप्रेसला कॉलेजात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. रुग्णसेवेचा कोर्स शिकवणाऱ्या सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव चिकटवलं, आणि ते तिला शोभायचंही. आधी ती खोकी भरायच्या कारखान्यात होती. तिथे हात जितका झपाझप चालेल तितकी शाबासकी. कारखाना बंद पडला. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा, घरी सासू आणि छोटी लेक. मग तिशी उलटल्यावर बाई पुन्हा बाकावर येऊन बसली. पण हातांना कोण समजावणार? चादर घालायची ती फटाफट, उशी ठोकायची ती धपाधप, आणि सरावाच्या बाहुल्याला ती असं काही उलटंपालटं करायची की सिस्टर डोळेच मिटून घ्यायच्या.

याच पायी ती पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत आपटली. हात लावण्याआधी रुग्णाला विचारायचं, तो नाही म्हणाला तर थांबायचं, हा सिस्टरांचा पहिला धडा. एक्सप्रेसने विचारलंच नाही. “बाहुल्याला काय विचारायचं?” असं वर तिने परीक्षकांनाच विचारलं. झालं.

त्यानंतर ती यायचीच बंद झाली. कॉलेजच्या मदतकक्षातल्या ताई मात्र फोन करून करून थकल्या नाहीत. बसचा पास त्यांनीच मिळवून दिला होता, लेकीला कॉलेजच्या पाळणाघरात जागाही त्यांनीच दिली होती. आता खटपट करून त्यांनी दुसरी आणि शेवटची संधी आणली. पास झाली तर इस्पितळातली नोकरी ठरलेली होती. नापास झाली तर पुन्हा खोकी, तीही कुठे मिळाली तर.

सासूबाईंना या शिक्षणाचं अजिबात कौतुक नव्हतं. “माणसाला उठवायला-बसवायला कॉलेज कशाला लागतं?” म्हणून त्या नाक मुरडायच्या. तरी परीक्षेच्या दिवशी, नात राहते ते पाळणाघर आहे तरी कसं, हे बघायला त्या आल्याच. आल्या आल्या तिथल्या सगळ्या मुलांना शिस्त लावायला लागल्या.

ऐन वेळी घोळ झाला. रुग्ण म्हणून खाटेवर झोपायला येणार होती ती मैत्रीण तापाने खरोखरच आजारी पडली. या वेळी बाहुला चालणार नव्हता. एक्सप्रेसच्या तोंडचं पाणी पळालं. ताई तडक पाळणाघरात गेल्या आणि सासूबाईंना घेऊन आल्या.

सासूबाई मोठ्या ऐटीत खाटेवर आडव्या झाल्या आणि कण्हायला लागल्या.

“कण्हायची गरज नाही, आजी,” सिस्टर म्हणाल्या.

“मग मी आजारी आहे हे यांना कळणार कसं?”

परीक्षक बाईंनी घड्याळ लावलं. एक्सप्रेसने पाठ केलेलं सुरू केलं. “नमस्कार, आज मी तुमची देखभाल करणार आहे.”

“ओळखते की मी तुला.”

परीक्षक बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

“तुमची चादर बदलायची आहे. तुम्हाला डाव्या कुशीवर वळवू का?”

“नाही.”

एक्सप्रेसला वाटलं, गंमत चाललीय. “अहो आई, परीक्षा आहे,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“ठाऊक आहे. नाही म्हणजे नाही.”

घरी असती तर एव्हाना ती त्यांना वळवून मोकळीही झाली असती. रोज सकाळी कामाच्या धबडग्यात ती त्यांना दंडाला धरून उठवायची ती अशीच. आताही हात पुढे गेला. मग तिने तो मागे घेतला, स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसली. एक्सप्रेसला बसलेलं सिस्टर पहिल्यांदाच बघत होत्या.

“का नको, सांगाल का?”

सासूबाईंच्या आवाजातलं नाटक आता गेलं होतं. “डावा खांदा दुखतो गं. रोज सकाळी तू उठवतेस ना, तेव्हा जीव जातो.”

एक्सप्रेसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मग बोलला का नाहीत?”

“बोलायला तू थांबतेस कुठे?”

तिला फार वाईट वाटलं. डोळे पुसायलाही वेळ नव्हता. “उजव्या कुशीवर चालेल?”

“चालेल. पण सावकाश.”

तिने पाठीखाली हात घातला, हळूच वळवलं, आणि दुखऱ्या हाताखाली उशी दिली. ठीक आहे ना, असं विचारलं. मग पुन्हा विचारलं. चादरीची एक बाजू खोचून झाली, दुसरी लोंबत होती, तेवढ्यात घड्याळ वाजलं.

“चादर राहिली,” एक्सप्रेस रडवेल्या आवाजात म्हणाली.

“राहिली,” परीक्षक बाई म्हणाल्या. “तिचे गुण गेले. बाकीचे मिळाले. पास.”

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. सासूबाई मात्र खाटेवरून हलायला तयार नव्हत्या. “पुढच्या परीक्षेला रुग्ण लागला तर कळवा,” त्यांनी ताईंना बजावलं. “मी कण्हेन कमी.”

नोकरीच्या पहिल्या सकाळी एक्सप्रेस पाठीला पिशवी लावून सासूबाईंच्या खाटेशी उभी राहिली. हात नुसते शिवशिवत होते.

“अहो आई, उठवू का?”

“नको. जरा पडू दे.”

एक्सप्रेसने घड्याळाकडे पाहिलं. मग पिशवी काढून खाली ठेवली आणि खाटेच्या कडेला बसली. सासूबाईंनी एक डोळा उघडून ती खरंच बसलीय ना, याची खात्री करून घेतली आणि आपणहून उजवा हात पुढे केला.

“चल, उठव आता. बस चुकेल तुझी.”