थोरल्याची खुर्ची

मी थोरल्याची खुर्ची बोलतेय. तो जुना काळा-पांढरा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर मला ओळखालच. नसेल पाहिला, तर नुकसान तुमचं.

माझा जन्म एका नाटक कंपनीच्या सामानाच्या खोलीत झाला, उरल्यासुरल्या लाकडातून. नाटकातला बाप स्वतःची चूक थोरल्या मुलाच्या माथी मारतो, मुलगा घर सोडतो आणि जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची, म्हणजे मी, रिकामी राहते. तीन अंक माझ्याकडे कुणी बघत नाही. शेवटी बाप येऊन माझ्यावर बसतो. माझा मागचा डावा पाय पहिल्यापासून खिळखिळा, म्हणून मी कुरकुरते. मग तो म्हणतो, "चूक माझी आहे." दोनशे प्रयोग आमचं हे असंच चाललं. टाळ्या त्याला पडायच्या. असो.

नाटकाचा सिनेमा करायचं ठरलं, तेव्हा बापाचं काम करणारे नट म्हणाले, "मी येतो, पण माझी खुर्ची बरोबर येईल." अशी मी स्टुडिओत आले.

तिथल्या सुताराचं नुकतंच लग्न झालेलं. बायको तिथेच कोपऱ्यात कलाकारांचे कपडे शिवायची. माझा हलता पाय बघून त्या हौशी माणसाला राहवेना. कुणाला न विचारता त्याने सांध्यात पाचर ठोकली आणि बायकोला म्हणाला, "बघ, आता हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही!"

शेवटचं दृश्य आलं. नट बसले. मी गप्प, तेही गप्प. वाक्य काही आठवेना. पाचव्या खेपेला आठवलं, तर असे ओरडले की नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"नाटकवाल्यांचं हे असंच," निर्माता म्हणाला. "उद्या दुसरा बाप आणू."

नटांचा चेहरा उतरला. "हिला कुणीतरी हात लावलाय," ते मला चाचपत म्हणाले.

"घ्या! आता खुर्चीवर ढकला," निर्माता म्हणाला.

सुतार रंधा पुसत राहिला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच रंधा बघतोय. बायकोने सुई कापडात टोचून ठेवली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तो बाप तीन अंक गप्प बसला. तुम्ही किती बसणार?"

सुतार उठला. स्वतःच्या हातांकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "चूक माझी आहे. पाचर मी मारली."

निर्माता तोंड उघडणार, तोच नटांनी त्याला थांबवलं. "पुन्हा म्हण."

"चूक... माझी आहे."

"असं म्हणतात होय!" ते पुटपुटले. "काढ ती पाचर."

ते बसले. मी कुरकुरले. स्वतःच्या हातांकडे बघत, अगदी हळू, ते एकदाच बोलले. दुसरा बाप आणायची भाषा पुन्हा कुणी केली नाही.

त्या हळू आवाजाबद्दल लोक अजून भरभरून लिहितात. सुताराचा त्यात उल्लेख नसतो, माझा तर नाहीच. आमचं काही अडलेलं नाही.

नटांनी मला त्या जोडप्याला लग्नाची भेट म्हणून दिलं. तेव्हापासून मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी आहे. एकच विनंती आहे, माझा पाय कुणी दुरुस्त करू नका. या घरात काही फुटलं-सांडलं की ज्याचं त्याला बरोबर कळतं, कुठे बसायचं ते.

परवा सुतार स्वतःच आला, पांढऱ्या केसांचा, ओशाळलेला. बसला. मी कुरकुरले.

शिवणातून मान वर न काढता ती म्हणाली, "बोला, काय फोडलंत?"