साठ मशीन आणि अर्ध्या शेडमधला कापूस

सत्तेचाळीस दिवस मी रिकाम्या शेडची राखण केली. बिनपगारी. पगार मशीन सुरू होतील त्या दिवसापासून, असं कुलदीपनं आधीच सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. आमच्या बेला गावात बाईला वायरमनचं काम कोण देतं?

कुलदीप नागपूरचा. त्यानं अमृतरावांच्या कापसाच्या जिनिंगमधली एक शेड भाड्यानं घेतली, कारण जिनिंगला विजेचं मोठं कनेक्शन असतं. तिथं साठ मशीन बसवायच्या होत्या. त्या रात्रंदिवस गणितं सोडवतात आणि त्यातून बिटकॉइन निघतो म्हणे. मी रॅक उभे केले, वायरिंग केलं, फ्यूज बसवले. मशीन मात्र चेन्नईच्या बंदरावर अडकल्या. आज सुटतील, सोमवारी सुटतील, एक कागद राहिला. बाबा रोज विचारायचे, आली का तुही गाडी. मग त्यांनी विचारणंच सोडलं. ते जास्त लागलं.

तेवढ्यात कापूस निघाला. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली आणि रिकामी शेड अमृतरावांच्या डोळ्यात खुपायला लागली. त्यांनी अर्धी शेड कापसानं भरली. मी अडवलं तर हसले.

"तुह्या डब्ब्यांची वरात आली का सांग पोरी. सरकून घेऊ."

कुलदीपला फोन केला, तर चार दिवसांचा प्रश्न आहे, वाद नको, असं तो म्हणाला. चाराचे बारा झाले.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी दुपारी ट्रक आला, मागून कुलदीपची कार. हैदराबादच्या ज्या लोकांनी पैसे घातले होते त्यांना पाच वाजेपर्यंत चालू मशीनचा व्हिडिओ हवा होता, नाहीतर ते हात काढून घेणार होते. आणि कापूस? अमृतराव म्हणाले, दोन दिवस हलत नाही. आत ढिगापलीकडे मनकर्णाकाकू आणि पाच बाया कापसातला कचरा वेचत होत्या.

मशीन रॅकवर चढल्या. मी आधी एकच लावून पाहिली. पंखा किंचाळला. दहा मिनिटांत हवेतले तंतू ओढले जाऊन जाळीवर गोधडीसारखा थर बसला. मागून निघणारी हवा हाताला सोसेना, आणि ती सरळ ढिगावर जात होती. प्लगपाशी जळका वास आला. बंद केली.

"पुसून घे आणि चालू कर," कुलदीप म्हणाला.

एकीचं हे, तर साठ मशीनचं काय, मी विचारलं. दार एकच आहे आणि बाया ढिगाच्या मागं. त्यावर तो म्हणाला, म्हणूनच बायकांना ही कामं देत नाहीत. अमृतराव म्हणाले, पन्नास वर्षं कापसात मशीन चालून राह्यल्या, काई झालं नाई. धडधडीत खोटं. त्यांच्या जुन्या शेडचा जळून काळाठिक्कर पडलेला कोपरा फाटकातून दिसतो.

सव्वाचार झाले होते. मला पगार हवा होता. माझा हात मेन स्विचवर होता, हे मी लपवत नाही.

मनकर्णाकाकूंना हाक मारली, बाहेर या म्हटलं. त्या तिथूनच म्हणाल्या, "काऊन? तुही मशीन आली म्हणून आमी उठाव? मजुरी तू देशीन?"

मी मेनचे तिन्ही फ्यूज उपटले. वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं: आत कापूस आहे, सहा बाया आहेत, हे माहीत असून मशीन सुरू करायला आम्ही सांगत आहोत. खाली दोघांची नावं. पेन पुढं केला.

"दस्तखत करा. लगेच लावते."

कुलदीपनं पानाकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुला कामावरून काढलं."

"घेतलं कवा? पगार तर मशीन सुरू झाल्यावर होता न."

अमृतरावांनी मात्र पान दोनदा वाचलं. जन्मभर दुसऱ्यांचे अंगठे घेतलेला माणूस. सही केल्यावर काय होतं ते त्याला बरोबर कळतं. त्यांनी पेन परत दिला आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"मनकर्णा, बाया घेऊन बाहेर ये. मजुरी कापत नाई."

पाच वाजता कुलदीपचा फोन वाजला. तो कारमध्ये जाऊन बसला आणि काचा वर केल्या.

हैदराबादवाल्यांनी शिव्या दिल्या आणि थांबले. ज्यांचे पैसे अडकलेत ते थांबतातच. तिसऱ्या दिवशी कापूस हलला, शेड झाडली गेली, मशीन सुरू करायचं ठरलं. फ्यूज लावायला आदिलाबादहून रविकांतला बोलावलं. आम्ही आयटीआयला एका वर्गात होतो. पगार त्याचा सुरू होणार.

दुपारी त्याचा फोन आला. तीन नंबरच्या रॅकची लाइन कोणती, त्याला सापडत नव्हती.

"पयले सांग, आत कोनी हाये का?"

"कोनी नाई. कापूसबी नाई."

मग मी सांगितलं, डावीकडून दुसरी.