फुलाबाईच्या हातचा काला

या माऊली, अंमळ पुढं सरका. टाळ खाली ठेवलेत, तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. अर्थ तुम्हीच लावा. मला अजून पुरता लागलेला नाही.

आमची वस्ती सोलापुरातली, पण माणसं मोडनिंबकडची. चिंचोळी एमआयडीसीत कामाला आली नि इथलीच झाली. येताना गावाकडचा सप्ताह सोबत आणला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, की लाह्या-दह्याचा काला एकमेकांच्या तोंडात भरवायचा. तो कालवायचा मान फुलाबाईचा. हाताला चवच तशी!

यंदा कीर्तन संपलं, फुलाबाईनं परातीत हात घातला, आणि सप्ताहाचे पुढारी हिंदुराव आडवे आले.

"थांब जरा. लोक बोलत्यात. सरकारी दवाखान्यातनं तू एड्सच्या गोळ्या आणतीस म्हनं?"

"एचआयव्ही हाय, तात्या. गोळ्या रोज घेते, बरी हाय." हात तसाच दह्यात.

हिंदुरावांनी पुतणीला हाक मारली. सृष्टी बीएस्सीला, कॉलेजात याच रोगावरच्या पोस्टरला तिला पहिलं बक्षीस मिळालेलं.

"तू शिकलेली. सांग, हिच्या हातचं खाल्लं तर होतंय का?"

"न्हाय होत," सृष्टी म्हणाली. मग घुटमळली. "म्हंजे न्हायच होत. पन मिरची चिरताना बोट कापलं असंल तर... मोबाईलवर एक व्हिडिओ आलावता..."

"पोस्टरवर काय लिवलंवतंस?"

"एकत्र जेवल्याने एचआयव्ही होत नाही."

"मग?"

"परीक्षेत विचारलं असतं तर सांगितलं असतं की! हितं भ्या वाटतंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरगी रडकुंडीला आली. "मी लहान असताना याच मंडपात महाराज म्हनले होते, हा रोग पापाचं फळ हाय. पोस्टर पाठ केलं, पन ते डोस्क्यातनं काय निघंना."

तिनं कॉलेजातल्या सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, "खुशाल खा. बोट कापलेलं असलं तरी जेवणातून होत नाही."

"सर म्हनत्यात," हिंदुराव म्हणाले, "पन सर हितं खायाला न्हाईत की!"

माऊली, मीही गोंधळलो. कीर्तनाला खोटं म्हणवेना, सरांनाही म्हणवेना. एवढ्यात फुलाबाईनं परातीतून हात काढला. बोटांचं दही कडेला निपटून ती उठायला लागली.

सृष्टीनं तिचं मनगट धरलं.

"भ्या वाटतंय, काकू. तरी भरवा."

फुलाबाई पुन्हा परातीपाशी बसली. मग लहानसा घास केला. पोरीनं डोळे गच्च मिटून तोंड उघडलं.

"डोळं उघड की गं! काला हाय, एरंडेल न्हाय."

मंडप हसला, आणि हसता हसता निम्मी माणसं पुढं आली. निम्मी नाही आली. हिंदुरावांचं म्हणे पोट बिघडलं होतं. मी खाल्ला, चव तीच. सृष्टीला नंतर विचारलं, "भ्या गेलं का?" तर म्हणाली, "काय की. पन आनखी एक घास घेतला मी."

भीती असून खाता येतं, हे कुठल्या पोस्टरवर लिहायचं, कुठल्या कीर्तनात सांगायचं? मला कळत नाही. एवढंच मागतो: कुठंही काल्याला बसाल, तेव्हा आमच्या फुलाबाईची, दह्यातून काढलेल्या त्या हाताची आठवण ठेवा.