पुण्याच्या सरांसाठी बांधलेलं पोतं

धुळ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या कुंदाबाईंनी चार वर्षं जिवाचं रान करून एक पिवळी भुकटी बनवली होती. तिची चिमूट टाकली की चंबूतलं लालभडक मिश्रण अर्ध्या तासात नितळ व्हायचं. न टाकली तर दिवसभर तसंच. हिवाळ्यात हे अकरा वेळा झालं आणि अकराही वेळा वहीत उतरलं. पण पीएचडीचे गाईड पडले पुण्याचे. इतके सरळ आकडे पाहून त्यांना संशय आला. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात ते स्वतः आले आणि म्हणाले, माझ्यासमोर करून दाखवा, नाहीतर प्रबंधावर माझी सही विसरा.

आता पुण्याचा माणूस धुळ्याच्या उन्हात टिकायचा कसा? प्रयोगशाळेतले शिपाई कौतिकभाऊ साक्रीकडचे, पाहुण्याची भारी काळजी. त्यांनी सकाळीच खिडकीला ओलं पोतं बांधलं. खोली गार झाली, सर खूश झाले, आणि भुकटी टाकूनही मिश्रण मात्र लालच राहिलं.

दोन तास गेले. सरांनी वही मिटली. कुंदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण खोटं लिहिलं नाही, हे सांगायचं तरी कशाच्या जोरावर?

तेवढ्यात कौतिकभाऊंनी वाळलेलं पोतं पुन्हा भिजवायला खिडकीवरून सोडलं. ऊन थेट टेबलावर आलं आणि बघता बघता मिश्रणाचा रंग उतरू लागला. शेजारचा बिनभुकटीचा चंबू तसाच लाल.

सर ताडकन उठले. त्यांच्या लक्षात आलं, भुकटी उजेडाने चेतत होती. त्यातून सुटणारे मूलक, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी तुटल्यामुळे स्वस्थ न बसणारे कण, पुढचं सगळं काम करत होते. हिवाळ्यात बाई ऊब म्हणून खिडकीशी बसायच्या आणि श्रेय एकट्या भुकटीला द्यायच्या.

"कुंदाबाई, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला," सर म्हणाले आणि त्यांनी वहीवर सही केली. बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. त्या तिथेच स्टुलावर बसून रडल्या.

आपल्या हातून काही चुकलं की काय, म्हणून कौतिकभाऊ घाबरले. "ताई, सरले ऊन लागस म्हनीसन पोतं बांधं. चूक व्हयनी का मन्ही?"

"भाऊ, तुम्ही ते बांधलं नसतं," डोळे पुसत बाई म्हणाल्या, "तर माझंच काम मला जन्मभर अर्धंच कळलं असतं."