पाण्यात धरलेलं विष

प्रयोगशाळेत बाईंनी काचेच्या नळीत शेवटचा थेंब सोडला आणि नळी हलकेच हलवली. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी नितळ होती. एकत्र येताच पिवळी पडली.

"धरलं विष?" स्टुलावर बसलेल्या बसड्रायव्हरने विचारलं.

"धरलं."

त्याच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. तणनाशकाच्या विषावर उतारा सापडल्याची बातमी. बाईंनी बातमीदाराला 'पुढेमागे, कदाचित' असं सांगितलं होतं; छापताना ते शब्द गळाले होते. ड्रायव्हरचा धाकटा भाऊ रोपवाटिकेत कामाला होता. कुणीतरी तणनाशक सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं, आणि तहानेच्या भरात तो ते प्यायला. आता डॉक्टरांनी हात टेकले होते.

"ही रेणूंची कडी आहे, आम्ही बनवलेली," बाई म्हणाल्या. "गोल, पण ताठ नाही. विषाचा रेणू आत आला की वाकते, वळते आणि त्याच्याभोवती आवळून बसते."

"मग द्या ना."

"हे पाण्यात झालं. रक्तात क्षार असतात, प्रथिनं असतात. लवचीक आहे म्हणून जे आधी भेटेल त्यालाही ती कवटाळेल. काय होईल ते आम्हालाच माहीत नाही. साध्या उंदरालासुद्धा अजून दिलेली नाही. आणि विष आता त्याच्या फुप्फुसात मुरलंय."

"तो तसाही चाललाय. मी लिहून देतो, सही करतो."

"सहीचा प्रश्न नाही. माझ्या हातून तो आजच जाईल."

तो आरडाओरडा करेल म्हणून बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्याने कात्रणाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठला. दारापर्यंत गेला, तिथेच घुटमळला.

"शुद्धीवर आहे तो," दाराकडे तोंड करूनच तो म्हणाला. "धाप लागते, पण बोलतो. औषध आणायला जातो म्हणून सांगून निघालोय. थोडा वेळ इथेच बसू का?"

बाईंनी हातमोजे उतरवले, कोटाची बटणं काढायला घेतली.

"मी येते तुमच्याबरोबर. मी समजावते त्याला."

"नको, बाई." तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघत म्हणाला. "तुम्हाला पाहिलं की त्याला वाटेल, औषध आलं."

बाईंचा हात बटणावरच राहिला. मग त्यांनी स्टूल खिडकीजवळ सरकवलं, आणि दुसरं स्वतःसाठी ओढून घेतलं.